लाकूड, माती आणि फुप्फुसांतील बुरशीचा आजार
(कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपाठ)

प्रास्ताविक

आपल्या देशातील कोट्यवधी कुटुंबांची उपजीविका लाकूड आणि माती यांवर अवलंबून आहे. सुतार, वखारीतील कामगार, झाडे तोडणारे मजूर, शेतकरी, शेतमजूर, माळी, खत तयार करणारे, गोदामातील हमाल, जुनी घरे पाडणारे व पाया खोदणारे कामगार या सर्वांच्या श्वासावाटे दररोज धूळ आत जाते. या धुळीत बुरशीचे अतिसूक्ष्म बीजाणू असतात. बहुसंख्य निरोगी व्यक्तींना त्यांपासून कोणताही अपाय होत नाही. मात्र काही व्यक्तींच्या फुप्फुसांत ही बुरशी वाढू लागते, तर काहींच्या फुप्फुसांना तिच्या वावड्यामुळे सूज येते.

या आजारांची लक्षणे कधी क्षयरोगासारखी, कधी दम्यासारखी, तर कधी न्यूमोनियासारखी असतात. त्यामुळे योग्य निदान होण्यास विलंब लागतो आणि त्या काळात फुप्फुसांची हानी वाढत जाते. हा विलंब कमी करण्याचा एक सोपा व विनाखर्च उपाय रुग्णाच्याच हाती आहे. तो म्हणजे, खोकला लांबल्यास डॉक्टरांकडे जाणे आणि आपण कोणते काम करतो हे त्यांना सविस्तर सांगणे. या पाठातील सर्व माहितीचे सार हेच आहे.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. परंतु असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो.

एका लाकूड वखारीत काम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या कामगाराला सात वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता. त्याने औषधे पूर्ण घेतली व तो बरा झाला. आता तीन महिन्यांपासून त्याला खोकला आहे. वजन घटले आहे. दोन वेळा थुंकीतून रक्त पडले. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या आजाराचा व्रण आणि एक पोकळी दिसते. घरातील सर्वांना वाटते की क्षयरोग उलटला. थुंकीची तपासणी केली असता क्षयरोगाचे जंतू आढळत नाहीत. दुसऱ्यांदा तपासूनही आढळत नाहीत.

अशा वेळी पूर्वीची औषधे स्वतःहून पुन्हा सुरू करणे ही मोठी चूक ठरेल. हा कामगार डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगेल, "मला पूर्वी क्षयरोग झाला होता" आणि "मी दिवसभर लाकडाच्या भुशात काम करतो", तर तपासणीची दिशा बदलू शकते. जुन्या पोकळीत बुरशी वाढली आहे काय, याचा विचार डॉक्टर करतील आणि त्यासाठी वेगळी चाचणी सांगतील. आजार क्षयरोगाचा नसून बुरशीचा असेल, तर त्याचे औषधही वेगळे असते.

बुरशी कोठे वाढते व फुप्फुसांत कशी पोहोचते

बुरशी हा निसर्गाचा आवश्यक घटक आहे. वाळलेली पाने, पाचट, तुटलेल्या फांद्या, मेलेली झाडे यांचे मातीत रूपांतर करण्याचे काम बुरशी व जीवाणू करतात. म्हणून जेथे ओलावा आणि कुजणारा पालापाचोळा किंवा लाकूड असेल, तेथे बुरशी असणारच. ती पूर्णपणे नाहीशी करणे शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही.

बुरशीचा प्रसार बीजाणूंद्वारे होतो. लाकडावर व खतात सर्रास आढळणाऱ्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू सुमारे दोन ते तीन मायक्रॉन आकाराचा असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. धुळीचे मोठे कण नाकात किंवा घशात अडकतात व शिंकेवाटे अथवा कफावाटे बाहेर पडतात. इतका लहान बीजाणू मात्र श्वासनलिकेतून थेट फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो.

कुजणारा ढीग स्थिर असताना त्यातून थोडेच बीजाणू बाहेर पडतात. तो उपसताना, खताचा ढीग वरखाली करताना, बुरसटलेला कडबा झाडताना, कुजलेला ओंडका करवतीखाली घालताना किंवा साचलेला भुसा झाडूने लोटताना एकाच वेळी असंख्य बीजाणू हवेत उडतात. म्हणजेच धोका लाकडात किंवा मातीत जितका आहे, त्याहून अधिक तो त्यांपासून उडणाऱ्या कोरड्या धुळीत आहे. धूळ उडू न देणे हा प्रतिबंधाचा पाया आहे, तो याच कारणासाठी.

आपल्या देशात आढळणारे प्रमुख प्रकार

१. अ‍ॅस्परजिलस. ही बुरशी देशाच्या सर्व भागांत आढळते. खताच्या ढिगात ५० अंश सेल्सियसपर्यंत व त्याहूनही अधिक उष्णता निर्माण होते. तीही हिची एक प्रमुख जात सहन करू शकते. हिच्यामुळे तीन प्रकारचे त्रास होतात. दमा असणाऱ्या काही व्यक्तींना हिचे तीव्र वावडे होते व नेहमीच्या औषधांनी दमा आटोक्यात राहत नाही. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी राहिलेल्या व्यक्तींमध्ये ही बुरशी त्या पोकळीत वाढते. कधी तिचा गोळा तयार होतो व थुंकीतून रक्त पडू लागते. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, अशा रुग्णांत ती फुप्फुसांच्या ऊतींमध्ये शिरते आणि जीवघेणी ठरू शकते. आपल्या देशात क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्तींची संख्या मोठी असल्यामुळे यांतील दुसरा प्रकार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे.

२. हिस्टोप्लाझ्मा. पक्ष्यांची किंवा वटवाघळांची विष्ठा मिसळलेल्या मातीत ही बुरशी वाढते. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५४ साली कोलकाता येथे झाली. पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश अशा गंगेच्या खोऱ्यातील राज्यांत हा आजार अधिक प्रमाणात आढळला आहे. कोंबड्यांची जुनी खुराडी, वटवाघळांची वस्ती असलेल्या गुहा व पडकी घरे, पारव्यांच्या विष्ठेचे थर साचलेले माळे येथे काम करताना संसर्ग होऊ शकतो. लक्षणे साधारणतः तीन ते सतरा दिवसांत दिसू लागतात.

३. क्रिप्टोकोकस. ही बुरशी पारव्यांच्या विष्ठेत, तसेच जिवंत झाडांच्या ढोलीतील कुजलेल्या लाकडात आढळते. दिल्ली परिसरातील जांभूळ व पिंपळ यांच्या ढोलींतील कुजलेल्या लाकडात ती आढळल्याचे तेथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केले. झाडे लावणे किंवा त्यांच्या सावलीत बसणे यात कोणताही धोका मानू नये. ढोली साफ करताना किंवा पोकळ झालेले झाड कापताना मात्र काळजी घ्यावी. ही बुरशी फुप्फुसांतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी हे हिचे गंभीर लक्षण मानले जाते.

४. म्यूकर. माती, सडलेली फळे व कुजणारा पाला यांत ही बुरशी असते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, 'काळी बुरशी' या नावाने तिची सर्वत्र चर्चा झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने हा आजार अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. नाक, डोळे व मेंदू यांप्रमाणेच ती फुप्फुसांवरही आघात करते. मधुमेह आटोक्यात नसणे आणि अनावश्यक प्रमाणात स्टेरॉइड घेणे ही तिची दोन मोठी कारणे आहेत.

५. टॅलरोमायसेस. हा आजार ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये आढळतो. बांबूच्या वनात बिळे करून राहणाऱ्या उंदरांच्या एका जातीशी या बुरशीचा संबंध आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तींना हिचा धोका अधिक असतो. तेथे राहून आलेल्या व्यक्तीने अन्य राज्यांत उपचार घेताना ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी.

कुजलेले लाकूड व ओली माती यांत वाढणारी ब्लास्टोमायसेस ही आणखी एक बुरशी प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत आढळते. २०२३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका कागद गिरणीतील शंभरांहून अधिक कामगारांना तिचा संसर्ग झाला. भारतात हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र लाकडाशी निगडित एकाच ठिकाणी काम करणाऱ्या अनेकांना एकाच सुमारास ताप व खोकला येऊ लागल्यास तो योगायोग समजू नये, हा त्या घटनेचा धडा सर्वत्र लागू पडतो.

वावड्यामुळे होणारा फुप्फुसांचा दाह

काही व्यक्तींच्या फुप्फुसांत बुरशी वाढत नाही. परंतु बुरसटलेली धूळ वारंवार आत गेल्याने फुप्फुसांना सूज येते. बुरसटलेला कडबा हाताळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये आणि साखर कारखान्यातील उसाचे जुने चिपाड हाताळणाऱ्या कामगारांमध्ये हा त्रास आढळतो. चिपाडामुळे होणाऱ्या आजाराची भारतातील नोंद १९५५ साली कोलकात्याजवळील एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाली होती. कडबा व चिपाड यांत उष्णता सहन करणारे काही जीवाणूही बुरशीप्रमाणेच हा दाह उत्पन्न करतात. ओलसर राहिलेले लाकूड, झाडांच्या साली व भुसा यांवरील बुरशीमुळेही असाच दाह होतो. घरातील हवा थंड करणाऱ्या कूलरमधील लाकडी तंतूंच्या किंवा गवताच्या जाळ्या न बदलता वर्षानुवर्षे वापरल्यास त्यांवरही बुरशी वाढते, हे कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

या आजाराची एक विशेष खूण आहे. कामावर गेल्यानंतर चार ते आठ तासांनी अंगात कसकस, कोरडा खोकला व छातीत जखडल्यासारखे वाटते. सुटीच्या दिवशी बरे वाटते. कामावर परतताच त्रास पुन्हा सुरू होतो. पुष्कळ जण याला वारंवार होणारा फ्लू समजतात. ही खूण ओळखून वेळीच संपर्क टाळल्यास फुप्फुसे पूर्ववत होऊ शकतात. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात व दम लागणे आयुष्यभराचे होऊन बसते.

अधिक धोका कोणाला

पुढील व्यक्तींनी धुळीच्या कामात विशेष काळजी घ्यावी आणि शक्य असल्यास अशी कामे दुसऱ्याकडे सोपवावीत.

• ज्यांना पूर्वी फुप्फुसांचा क्षयरोग झाला होता.
• ज्यांना दमा किंवा धूम्रपानामुळे अथवा चुलीच्या धुरामुळे जडलेला श्वसनाचा जुना विकार आहे.
• ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही.
• जे दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत.
• ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार सुरू आहेत किंवा ज्यांचे अवयव प्रत्यारोपण झाले आहे.
• एचआयव्हीबाधित व्यक्ती.

अनेक ठिकाणी सांधेदुखी, दम किंवा अशक्तपणा यांवर पुडीतून अथवा नाव नसलेल्या गोळ्यांतून स्टेरॉइड दिले जाते. त्याने तात्पुरता आराम पडतो; परंतु रोगप्रतिकारशक्ती कमी होते, साखर वाढते आणि बुरशीला वाट मोकळी होते. नाव व मात्रा ठाऊक नसलेले औषध घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड मात्र एकाएकी स्वतःहून बंद करू नये; त्यानेही धोका संभवतो.

लक्षणे : दवाखान्यात केव्हा जावे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण असल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.

• दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला.
• नेहमीची प्रतिजैविके घेऊनही न हटणारा ताप वा न्यूमोनिया.
• कारण नसताना घटणारे वजन, रात्री येणारा घाम, सततचा थकवा.
• दम्याचा त्रास पूर्वीपेक्षा वाढणे किंवा कफातून तपकिरी रंगाचे घट्ट तुकडे पडणे.
• कामाच्या दिवशी वाढणारा व सुटीत कमी होणारा खोकला किंवा दम.

पुढील लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी, विलंब न करता रुग्णालयात जावे : थुंकीतून रक्त पडणे, बसल्या जागी दम लागणे, ओठ निळसर पडणे, वाढत जाणाऱ्या डोकेदुखीसह उलटी किंवा भ्रम, तसेच मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्यावर एका बाजूला सूज, वेदना किंवा नाकातून काळसर स्राव. अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा.

डॉक्टरांना काय सांगावे

तपासणीच्या खोलीत वेळ थोडा असतो. म्हणून पुढील बाबी घरीच कागदावर लिहून न्याव्यात. स्वतः लिहिता येत नसल्यास मुलांकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्याव्यात.

१. मी कोणते काम करतो किंवा करते, आणि किती वर्षांपासून. केवळ "मजुरी" असे न सांगता "लाकूड कापतो", "शेणखत उपसते", "गोदामात पोती उचलतो" असे स्पष्ट सांगावे.
२. गेल्या काही आठवड्यांत काही वेगळे काम केले काय? उदाहरणार्थ, जुने घर पाडणे, माळा झाडणे, झाडाची ढोली साफ करणे, विहीर किंवा पाया खोदणे.
३. माझ्याबरोबर काम करणाऱ्या आणखी कोणास असाच त्रास आहे काय?
४. सुटीच्या दिवशी बरे वाटते काय?
५. पूर्वी क्षयरोग झाला होता काय? औषधे पूर्ण घेतली होती काय?
६. मधुमेह, दमा किंवा अन्य आजार आहे काय? सध्या कोणती औषधे सुरू आहेत? औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.
७. अन्य राज्यात किंवा परदेशात राहून आलो आहे काय?

स्त्रिया पुष्कळदा "मी घरीच असते" असे सांगतात. प्रत्यक्षात गोठा झाडणे, सरपण फोडणे, चुलीसाठी भुसा आणणे, धान्य पाखडणे, खताच्या पाट्या वाहणे ही कामे त्याच करतात. तीही कामेच होत व त्यांचा उल्लेख तितकाच आवश्यक आहे.

तपासणी व उपचार

खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास सर्वप्रथम क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत ती मोफत होते. बुरशीचा आजार असावा अशी शंका आहे, म्हणून क्षयरोगाची तपासणी टाळू नये. दोन्ही आजार एकाच व्यक्तीस असू शकतात.

क्षयरोगाचे जंतू न आढळल्यास किंवा क्षयरोगाची औषधे नियमित घेऊनही सुधारणा नसल्यास, "हा बुरशीचा आजार असू शकेल काय?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यानंतर गरजेनुसार एक्स-रे व सीटी स्कॅन, थुंकीची बुरशीसाठी तपासणी, रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, क्वचित दुर्बिणीद्वारे श्वासनलिकेची तपासणी केली जाते. यांतील काही चाचण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाहीत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते.

उपचारांविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• सामान्य प्रतिजैविके जीवाणूंवर काम करतात. बुरशीवर त्यांचा परिणाम होत नाही.
• सर्व बुरशींवर एकच औषध चालत नाही. नायट्यासाठी किंवा अन्य कारणाने घरात उरलेली बुरशीनाशक गोळी फुप्फुसांच्या आजारावर घेऊ नये.
• औषधे बहुधा अनेक महिने, जुनाट आजारात सहा महिने ते एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागतात. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.
• काही औषधे एकमेकांस बाधक ठरतात. क्षयरोगातील रिफाम्पिसिन या औषधामुळे इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाचा परिणाम फार कमी होतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरांस सर्व औषधे दाखवावीत. यकृताचा किंवा हृदयाचा विकार असल्यास अथवा गर्भधारणा असल्यास तेही सांगावे.

वावड्यामुळे झालेल्या दाहात औषधांपेक्षा अधिक महत्त्वाचे म्हणजे त्या धुळीचा संपर्क थांबवणे. याचा अर्थ प्रत्येकाने रोजगार सोडावा असा नाही. वखारीत यंत्रावर उभे राहण्याऐवजी मोजणीचे काम, गंजी उपसण्याऐवजी मोकळ्या हवेतील काम, असे बदल शक्य असतात. डॉक्टरांचे पत्र घेऊन मुकादम किंवा मालकाशी याविषयी बोलावे.

कामाच्या ठिकाणी घ्यावयाची खबरदारी

हे करावे :

• खत, कुजलेला पाला, जुना भुसा किंवा विष्ठेचा थर हलविण्यापूर्वी त्यावर हलकेच पाणी शिंपडावे व ते मुरू द्यावे. जोराच्या फवाऱ्याने उलट धूळच उडते.
• वारा पाठीमागून येईल, म्हणजे धूळ आपल्यापासून दूर जाईल, असे उभे राहावे.
• वखारीची जमीन ओल्या पोत्याने किंवा पाणी शिंपडून साफ करावी. भुसा रोजच्या रोज उचलावा.
• लाकूड जमिनीपासून उंचावर, हवा खेळती राहील असे रचावे. भिजलेले व बुरसटलेले लाकूड वेगळे ठेवावे.
• कडबा व चारा पूर्ण वाळल्यावरच गंजी रचावी. ओला कडबा आतून तापतो व बुरसटतो.
• उसाच्या चिपाडातील ओलावा २० टक्क्यांहून अधिक राखल्यास धूळ कमी उडते. साठवणुकीपूर्वी त्यावर दोन टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारण्याचा उपायही साखर उद्योगात सांगितला जातो. हा फवारा प्रशिक्षित व्यक्तीनेच मारावा.
• धुळीच्या कामात एन-९५ दर्जाचा मास्क वापरावा. तो नाकाला व हनुवटीला घट्ट बसला पाहिजे. दाढीमुळे मास्क व त्वचा यांत फट राहते व बीजाणू आत जातात.

हे करू नये :

• कोरडा भुसा झाडूने लोटू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये.
• रुमाल, उपरणे किंवा पदर तोंडाला बांधून संरक्षण मिळाले असे समजू नये. त्याने मोठी धूळ अडते. बीजाणू अडत नाहीत.
• भिजलेला, फाटलेला किंवा दुसऱ्याने वापरलेला मास्क वापरू नये.
• वटवाघळांची किंवा पारव्यांची विष्ठा मोठ्या प्रमाणात साचली असल्यास ती मुलांकडून किंवा आजारी व्यक्तींकडून साफ करून घेऊ नये.

मालक, ठेकेदार व मुकादम यांनी मास्क पुरविणे, पाण्याची सोय करणे आणि बंदिस्त शेडमध्ये हवा खेळती ठेवणे आवश्यक आहे. यंत्राजवळच भुसा ओढून घेणारी नळी बसविल्यास सर्वांचेच रक्षण होते. कामगाराने खोकल्याची तक्रार केल्यास त्याला तपासणीसाठी सुटी द्यावी. तक्रारीमुळे त्याचा रोजगार जाता कामा नये. रोजगार जाईल या भीतीने लपविलेला आजार अखेर अधिक गंभीर होतो.

घरी घ्यावयाची खबरदारी

• कामाचे कपडे घराबाहेर काढून ठेवावेत, घरात झटकू नयेत. हातपाय व तोंड धुऊनच लहान मुलांना जवळ घ्यावे.
• खताचा खड्डा, उकिरडा किंवा भुशाची पोती आजारी व्यक्तीच्या खिडकीखाली ठेवू नयेत.
• दमा किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तीने कुंड्यांतील माती बदलू नये व खत चाळू नये.
• भिंतीची ओल दुरुस्त करावी. कूलरच्या जाळ्या दर उन्हाळ्याच्या प्रारंभी बदलाव्यात व टाकीतील पाणी वरचेवर बदलावे.
• मधुमेही व्यक्तीने साखर नियमित तपासावी. साखर आटोक्यात ठेवणे हे बुरशीविरुद्धचे मोठे संरक्षण आहे.
• धूम्रपान सोडावे.

काही गैरसमज

"हा आजार संसर्गजन्य आहे, रुग्णाचे ताट वेगळे ठेवावे." या पाठात सांगितलेले बुरशीचे आजार रुग्णाच्या खोकल्यातून इतरांस होत नाहीत. रुग्णास वेगळे ठेवण्याचे कारण नाही. क्षयरोगाची शंका असेपर्यंत मात्र खोकताना तोंड झाकणे आवश्यक आहे.

"क्षयरोग एकदा बरा झाला की फुप्फुसांची काळजी संपली." क्षयरोग बरा झाल्यावरही पोकळी राहू शकते. पुन्हा खोकला आल्यास तपासणी करून घ्यावी.

"शेती व लाकूडकाम सोडल्याशिवाय उपाय नाही." धूळ उडू न देता व योग्य मास्क वापरून बहुसंख्य लोक ही कामे सुरक्षितपणे करू शकतात.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. आपल्या घरात कोणास दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे काय?
२. त्या व्यक्तीच्या कामात भुसा, खत, बुरसटलेला चारा किंवा विष्ठेची धूळ यांचा संबंध येतो काय?
३. ही बाब डॉक्टरांना सांगितली आहे काय?
४. घरात कोणी नाव ठाऊक नसलेली गोळी किंवा पुडी घेत आहे काय?
५. धुळीच्या कामापूर्वी आपण पाणी शिंपडतो काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचे 'नाही' असल्यास उद्याच आरोग्य केंद्रात जावे.

समारोप

बुरशी आपल्या अवतीभोवती कायम राहणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रथमच धोकादायक बुरशींची प्राधान्यसूची प्रसिद्ध केली. त्यात वर सांगितलेल्या अ‍ॅस्परजिलस व क्रिप्टोकोकस यांच्या प्रमुख जातींना सर्वाधिक प्राधान्याच्या गटात स्थान दिले आहे. असे असले तरी वेळीच निदान झाल्यास यांतील अनेक आजारांवर उपचार उपलब्ध आहेत. डॉक्टरांना रुग्णाची छाती तपासता येते, परंतु त्याचा दिवस कोठे व कसा जातो हे त्यांना दिसत नाही. ते रुग्णाने किंवा त्याच्या आप्तांनीच सांगावयाचे असते. लांबलेला खोकला लपवू नये, आपले काम सांगण्यात संकोच बाळगू नये.

क्षयरोग तपासणी व उपचारांविषयीच्या माहितीसाठी निक्षय संपर्क हा निःशुल्क क्रमांक १८००-११-६६६६ उपलब्ध आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास आयुष्मान भारत योजनेतील पात्रतेची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करावी. विमाधारक कामगारांनी कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्याचा लाभ घ्यावा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना द्यावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावे. या पत्रकातील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.